उंदीरमारीचा पाला

अंडी घ्या हो अंडी, कोंबडी माझ्या रानाची,
फोडाल तर सांडेल बाई, वाटी सांजच्या उन्हाची.

हा आवाज उबाल्दोने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो सिनू नदीकाठच्या सांता रितात गणिताचा मास्तर म्हणून नवा नवा आला होता आणि भाड्याच्या खोलीत उघड्या अंगाने दाढी करत होता. अजून पुरतं उजाडलंही नव्हतं. गल्लीतून गाढवाच्या खुरांची टपटप आली आणि त्या टपटपीवर ठेका धरून कुणी बाई गात गेली. त्याने खिडकीतून डोकावलं. गाढवाच्या दोन्ही अंगांना टोपल्या, पुढे एव्हेरिल्दा नावाची धिप्पाड अंडेवाली, आणि मागे, गाढवाने उधळू नये म्हणून त्याच्या शेपटीशी लाडीगोडीने बोलत चाललेली तिची मुलगी निदिया. वस्तरा उबाल्दोच्या हनुवटीवरून घसरला. त्या दिवसापासून तो रोज अंडी घेऊ लागला. एकटा जीव एवढी अंडी करतो तरी काय, याची गावाला काळजी लागली, आणि शेवटी निदियाशी लग्न करून त्याने गावाला त्या काळजीतून सोडवलं.

आता एव्हेरिल्दा मातीखाली होती, तिचं गाढवही. उबाल्दो निवृत्त झाला होता. शाळेने निरोपाला काय हवं असं विचारलं, तेव्हा त्याने वर्गातला जुना फळा मागून घेतला होता. तो अंगणात आंब्याला टेकवून ठेवलेला असे, आणि घरातला कुठलाही प्रश्न, मग तो गळक्या कौलाचा असो की मुंग्यांचा, उबाल्दो आधी त्याच्यावर मांडत असे. प्रश्न सुटत नसत. पण मांडलेले सुंदर दिसत.

आणि एके दिवशी न्याहारीला निदियाने बशी पुढे सारली.

"असलं पांढुरकं अंडं नको बाई मला," ती म्हणाली. "आजाऱ्याच्या डोळ्यासारखं दिसतंय. आईच्या कोंबड्यांचा बलक कसा असायचा, आठवतं?"

उबाल्दोला आठवलं. दुसऱ्या दिवशीही बशी पुढे सरली. मग उकडलेला कसावा पुढे सरला, मग पानात गुंडाळून उकडलेला मक्याचा बोयो, मग रविवारचा मासाही. ती ताटात चमचा फिरवत बसे, जशी कुणी पाण्यात हरवलेली अंगठी शोधावी, आणि मग ताट मांजराला जाई. मांजर अंगाने भरलं. निदियाचा झगा मात्र तिच्या खांद्यांवरून असा लोंबू लागला, की जणू तो अजून दोरीवरच वाळत घातलाय.

"तुला भूक का लागत नाही?" उबाल्दोने विचारलं.

"सांगितलं ना, अंड्यांना रंग नाही."

दुसरा कुणी नवरा असता तर त्याने याच्यापुढे आणखी एखादा प्रश्न विचारला असता. पण उबाल्दो गणिताचा माणूस; त्याला प्रश्नात दिलेली माहिती पुरेशी वाटली. त्याने फळ्यावर लिहिलं: बलक फिका, म्हणून निदिया जेवत नाही. बलक केशरी झाला, तर निदिया जेवेल. खाली रेघ ओढली. मागे सरून पाहिलं. इतकं सरळ गणित त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

निदियाच्या अंगणात मूठभर कोंबड्या होत्याच. पोत्यातलं विकतचं खाद्य खाऊन त्या सरकारी नोकरासारखी अंडी द्यायच्या, वेळेवर आणि बेचव. त्यांची म्होरकी एक उघड्या मानेची कोंबडी होती. ती मान ताठ करून इतरांकडे जशी बघे, ते पाहून उबाल्दोने तिचं नाव हेडबाई ठेवलं होतं. आता या कोंबड्यांचा बलक केशरी करायचा. पण कसा?

सल्ल्याला तोटा नव्हता. शेजारची रोस्मिरा कुंपणावर कोपर टेकूनच असायची. निदिया तिच्या मुलीची धर्ममाता, त्यामुळे दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणत. या नात्याने रोस्मिराला त्यांच्या घरात डोकवायचा हक्क होता, आणि तिने तो एक दिवसही वाया घालवला नव्हता. उबाल्दोला ती प्रोफे म्हणे, म्हणजे मास्तर.

"शेंदरीच्या बिया घाला, प्रोफे. लालभडक होईल बलक."

"गाजर घाल," नाफेर म्हणाला. नाफेरचं खिळे-मोळ्यांचं दुकान होतं आणि तो उबाल्दोबरोबर रोज डोमिनो हरायचा. "माझ्या मेव्हणीनं पोपटाला गाजर घातलं. केशरी झाला पठ्ठ्या."

"तो पोपट मेला ना?"

"मेला. पण केशरी मेला."

उबाल्दोने दोघांचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्याला उत्तर मिळालं होतं. सासूच्या कोंबड्या कुंपणाखाली हिंडायच्या, आणि ते कुंपण होतं मातारातोनचं, म्हणजे उंदीरमारीचं. नावानेच फक्त खुनी असं ते झाड, बाकी गुणी. गुरं त्याचा पाला खातात, फांदी रोवली की कुंपण होतं, आणि फुलं आली की सगळं गाव गुलाबी दिसतं. एव्हेरिल्दाच्या कोंबड्या तोच गळलेला, सुकलेला पाला टिपायच्या. रंग तिथून येत होता.

आता गावात उंदीरमारीची सगळ्यात दाट रांग होती ती दफनभूमीच्या कुंपणाला. उबाल्दो पोतं घेऊन भर दुपारी तिथे गेला, फांद्या ओरबाडल्या आणि पोतं पाठीवर टाकून गावातून घरी आला. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाने टोपी काढली. लोक अजून मास्तरांना मान देतात, या विचाराने त्याला बरं वाटलं.

इथे त्याची मोठी चूक झाली. सांता रितात उंदीरमारीचा पाला घरी नेतात तो एकाच कामाला. कुणाला ताप चढला की तो पाला चादरीखाली अंथरायचा, आजाऱ्याला त्याच्यावर निजवायचं, आणि त्याच पाल्याच्या उकळल्या पाण्याने अंघोळ घालायची. ताप पाल्यात उतरतो, आणि पाला काळा पडतो. नाहीच उतरला, तर आजाऱ्यालाच पाल्याच्या कुंपणापाशी नेतात. फार लांब नसतं. लहान पोरालाही ठाऊक असलेलं हे उबाल्दोलाही ठाऊक होतं. पण त्याच्या डोक्यात त्या वेळी फक्त कोंबड्या होत्या.

कोंबड्यांच्या डोक्यात मात्र तो नव्हता. ओल्या पाल्याच्या वासाने त्यांनी तोंडं फिरवली. हेडबाईने तर पाल्याच्या ढिगावर उभं राहून, उबाल्दोकडे बघत, जे करायचं ते केलं. मग त्याने पाला वाळवायचा ठरवला. उन्हात वाळवला तर रंग उडून गवतासारखा झाला. सावलीत वाळवला, चुरला, मक्याच्या भरड्यात कालवला, वर उसाची काकवी शिंपडली, तेव्हा कुठे बायांनी चोच लावली. आठवडे गेले. कोंबड्या ते खाद्य आवडीने खाऊ लागल्या, अंगाने चकाकू लागल्या.

आणि अंडी द्यायच्या थांबल्या.

"दृष्ट लागली," रोस्मिरा म्हणाली.

"गाजर," नाफेर म्हणाला.

उबाल्दो रोज सकाळी खुराड्यात हात घालायचा आणि रिकामा बाहेर काढायचा. ओसरीवरून निदिया पाहायची. तिच्या चेहऱ्यावर कधी कधी असं काही असे, की ते हसू आहे की दुसरंच काही, हे त्याला उमगत नसे. "राहू दे रे उबाल्दो," ती म्हणायची. "कोंबड्यांना कशाला त्रास?" पण तो कसला राहू देतोय! निदिया आता कॉफीही अर्धी टाकत होती. बायको सुकत होती आणि गणित सुटत नव्हतं. त्याने फळ्यावर पाल्याचं प्रमाण कमी केलं आणि पुन्हा पोतं घेऊन दफनभूमीवर गेला. पुन्हा टोप्या निघाल्या.

त्याच दिवशी पाऊस लागला. नुसता लागला नाही, मुक्कामाला आला. अंगणात वाळवायची सोय उरली नाही, ओसरीवर गल्लीतली वासरं शिरली. मग उबाल्दोने पाला झोपायच्या खोलीत पसरला. खाली जागा पुरेना म्हणून पलंगावर चादर अंथरून तिच्यावरही पसरला. निदियाला दोन भिंतींना टांगलेल्या कापडी झोळण्यात झोपवलं; तिनेही तक्रार केली नाही, झोळण्यात छातीला बरं पडतं म्हणाली. दिवसभर पाला उलटापालटा करून उबाल्दो दमला, डोकं ठणकायला लागलं, तेव्हा तो कपाळावर ओलं फडकं टाकून पलंगावर पाल्यातच जरा आडवा झाला. खिडकी गल्लीवर होती. पावसामुळे कुंपणापाशी उभं राहता येत नव्हतं, म्हणून रोस्मिरा खिडकीतून डोकावली.

रिकाम्या घड्यासारखा तिचा आवाज घुमला. "देवा परमेश्वरा! प्रोफे!"

उबाल्दो उठून काही सांगेपर्यंत ती निम्म्या गावाला सांगून आली होती.

संध्याकाळच्या आत लोक जमू लागले. भिजलेल्या छत्र्या दाराशी ठेवून, आवाज खाली आणून, एकेक आत यायचा, पलंगावरचा पाला पाहायचा आणि मान हलवायचा.

"मला काहीही झालेलं नाही," उबाल्दो ओरडला. "हे कोंबड्यांचं खाद्य आहे!"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कोंबड्यांचं बोलतोय," कुणीतरी कुजबुजलं. "ताप डोक्यात गेलाय."

"माझा मेव्हणा शेवटी शेवटी बदकांचं बोलायचा," नाफेर म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने दुकानातून घडीची टेबलं आणि स्टुलं आणवली होती. मयताच्या घरी नऊ रात्री प्रार्थना चालते, बाहेर अंगणात पुरुष डोमिनो खेळतात. ऐन वेळी स्टुलं मिळत नाहीत, हा त्याचा अनुभव होता.

उबाल्दोने जेवढं नाकारावं तेवढा ताप वाढत गेला. तो उभा राहिला तर म्हणत, शेवटची उभारी आहे. बसला तर म्हणत, बळ गेलं. शेवटी तो वैतागून पलंगावर पडला आणि त्याने डोळे मिटले. लोकांना हायसं वाटलं. आणि मग, माणूस झोपला असं समजून ते त्याच्याविषयी बोलू लागले.

कुठल्याही माणसाने आपल्या माघारी काय बोलतील हे ऐकायला जाऊ नये. शिकवण्यातच जन्म घालवलेल्या माणसाने तर मुळीच नाही. उबाल्दोने कान टवकारले. त्याच्या हाताखालून गेलेलं सगळं गाव त्या खोलीत उभं होतं. त्याला वाटलं, आता कुणी अपूर्णांकांविषयी बोलेल. तो अपूर्णांक किती प्रेमाने शिकवायचा.

"माणूस वाईट नव्हता," खाटीक म्हणाला.

इतरांनी माना हलवल्या आणि खिडकीतून पावसाकडे पाहिलं.

"मला बीजगणितात नापास केलं होतं," पोस्टातली बाई म्हणाली. "जाऊ दे. मी माफ केलं."

"फळ्याकडे तोंड करून उभे होते आणि पँट मागून उसवली होती, तो दिवस आठवतो?" कुणीतरी म्हणालं, आणि खोलीत पहिल्यांदाच जिवंत माणसांचा आवाज झाला. सगळ्यांना आठवत होतं. पँटचा रंगसुद्धा. मग हसण्याबद्दल सगळे ओशाळले आणि कुणीतरी नाक शिंकरलं. पाल्यात पडल्या पडल्या उबाल्दोच्या मिटल्या पापण्यांखाली पाणी आलं. लोक म्हणाले, घाम फुटतोय.

मयताच्या घरी प्रार्थना म्हणणारी तोमासा आली आणि तिने वेळ दवडला नाही. खोलीत चारी बाजूंनी फिरून तिने पावलांनी भिंत मोजली.

"वेदी इथे," ती निदियाला म्हणाली. "फळा आतच आणा, त्याच्यावर पांढरी चादर टाकू, छान दिसेल. आणि पोरी, रडणं दाबू नकोस. दाबलेलं रडणं हाडात बसतं."

आणि निदिया रडत होती. हेच उबाल्दोला सगळ्यात विचित्र वाटत होतं. खरं काय ते तिला ठाऊक होतं. तिने एकदा खणखणीत आवाजात सांगितलं असतं, की अहो, नवरा माझा ठणठणीत आहे, नुसता मूर्ख आहे, तर सगळे आपापल्या घरी गेले असते. पण ती स्टुलावर बसून होती, आणि बायका एकेक करून तिला कवेत घेत होत्या. रोस्मिराने तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं होतं. "कोमाद्रे, अगं किती हलकी झालीस तू! पाखरासारखी झालीस," ती म्हणाली, आणि निदियाने रोस्मिराच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि ती अशी रडली, की उबाल्दोला वाटलं, बाई नाटकात जायला हवी होती. मग त्याला त्या विचाराचीच लाज वाटली. का वाटली, हे त्याला सांगता आलं नसतं.

लोक गेल्यावर त्याने विचारलं, "तू त्यांना का सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं?" ती झोळण्यात पडत म्हणाली. "इतक्या प्रेमाने आले होते बिचारे. आलेलं प्रेम परत कसं पाठवायचं?"

गावात ताप निघाला, ही बातमी मग सरकारपर्यंत गेली. दोन दिवस पाऊस उघडला नाही, आणि तिसऱ्या सकाळी आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर पाठीवर धुराची यंत्रं बांधलेली माणसं घेऊन दारात उभा राहिला. तरुण होता. बोगोताच्या थंड डोंगरातून नुकताच बदली होऊन आलेला, आणि त्या दमट उकाड्यातही त्याने कोटाचं एक बटण उघडलं नव्हतं.

"तापाचा रुग्ण कुठाय?"

"कुणाला ताप नाही," उबाल्दो म्हणाला.

"कागदावर आहे."

"कागद चुकलाय."

"मग ताप नसल्याचा डॉक्टरचा दाखला दाखवा."

"आणतो. आता जाऊन आणतो."

"दवाखान्यातून दाखला फक्त रुग्णांना मिळतो," इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाला. तो क्रूर नव्हता. त्याला फक्त कागद आणि माणूस यांच्यात कुणाचं ऐकायचं हे शिकवलेलं होतं. आत येऊन त्याने पलंगाकडे पाहिलं. "हे काय?"

"पाला. उंदीरमारीचा."

इन्स्पेक्टर दोन पावलं मागे सरला. बोगोताकडे ते झाड होत नाही. "उंदीर मारायचं औषध? पलंगावर? हे तुम्ही कुणाला घालता?"

"कोंबड्यांना."

"का?"

"बायकोने त्यांची अंडी खावीत म्हणून."

इन्स्पेक्टरने हळूच मान वळवून निदियाकडे पाहिलं, तिच्या बाहेर आलेल्या गालफडांकडे, मनगटाच्या हाडांकडे. मग उबाल्दोकडे पाहिलं. मग लिहायला लागला.

"अहो साहेब, झाडाचं नाव आहे ते!" खिडकीतून रोस्मिरा ओरडली.

"नाव उगाच कुणी ठेवत नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. आणि मग तो निदियाजवळ गेला, आणि त्याचा आवाज बदलला. तो आईशी बोलावं तसा बोलला. "बाई, घाबरू नका. मला खरं सांगा. तुम्हाला बरं वाटतं ना?"

निदियाने त्याच्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं.

"कॉफी घेणार का?" ती म्हणाली.

कोंबड्या तपासणीसाठी दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून नेण्यात येतील, असा निकाल लागला. पाला जप्त झाला. भरलेला पलंग म्हणजे पुरावा होता. आणि तापाचा उल्लेख कागदावर होताच, म्हणून घराला धूर देणंही टळलं नाही. ऐन वेळी रोस्मिराने कोंबड्या टोपलीत भरून आपल्या अंगणात नेल्या, म्हणून त्या तरी वाचल्या. यंत्रं घरघरली, पांढरा कडवट धूर खोल्याखोल्यांतून वाहत दारातून बाहेर पडला. नाफेर स्टुलं उचलून घेऊन पळाला. तोमासा नाकाला रुमाल लावून म्हणाली, माझ्या आयुष्यात इतकी गैरसोयीची मयत मी पाहिली नाही. रस्त्यावर, एका छत्रीखाली, उबाल्दो आणि निदिया आपलं घर धुमसताना पाहत उभे राहिले. धुरासाठी ओसरीवरून बाहेर काढलेला त्याचा फळा अंगणात पावसात धुऊन निघत होता. खडूचं पांढरं पाणी आंब्याच्या मुळाशी झिरपलं आणि त्याबरोबर सगळं गणित गेलं.

"मी हरलो गं," तो म्हणाला.

निदियाने छत्री त्याच्याकडे जरा जास्त कलती केली.

दुपारी पाऊस थांबला. धुराच्या भीतीने कुणी घराकडे फिरकत नव्हतं, आणि किती दिवसांनी अंगण रिकामं होतं. दोघं आंब्याखाली टेबल ओढून बसले. तेवढ्यात रोस्मिरा झाकलेलं पातेलं दोन्ही हातांनी धरून कुंपणाच्या फटीतून आली.

"सूप आणलंय प्रोफे. आजाऱ्याला कोंबडीच्या सुपासारखं काही नाही."

"मी आजारी नाही."

"बरं, मग धुरावर उतारा." तिने पातेलं ठेवलं आणि जरा घुटमळली. "सरकारनं उद्या न्यायच्याच होत्या ना सगळ्या? म्हटलं, सरकारच्या पोटात जाण्यापेक्षा आपल्या माणसांच्या पोटात गेलेली बरी. उघड्या मानेची ती घेतली. गुणाची होती हो. हूं की चूं केलं नाही."

हेडबाई! उबाल्दोने पातेल्याकडे पाहिलं. तो काही बोलणार तोच रोस्मिराने झाकण काढलं.

कोंबडी कापली की तिच्या पोटात न घातलेली अंडी निघतात. कवच न आलेली, नुसत्या बलकांची माळ, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. सुपात ती सगळ्यांच्या आधी घरच्या लाडक्या माणसाच्या ताटात पडतात. वाफ विरली, आणि कोथिंबिरीच्या, कसाव्याच्या मधून ती माळ दिसली. ती केशरी होती. नुसती केशरी नव्हती. नदीवर दिवस बुडताना जे शेवटचं काही पाण्यावर राहतं, तसा तिचा रंग होता. रोस्मिरा पातेल्यावर वाकली.

"कोमाद्रे," ती म्हणाली, "हे तर एव्हेरिल्दाबाईंचे बलक!" आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तिने झाकण तिथेच ठेवलं आणि मागे न बघता निघून गेली.

कोंबड्यांनी अंडी दिली नव्हती, पण धरली होती. गणित बरोबर होतं. उबाल्दोने सगळ्यात मोठा बलक चमच्यात घेतला, निदियाच्या बशीत ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. हेडबाई गेली, पाला गेला, गावात तो एकदा मरून चुकला होता आणि त्याची उसवलेली पँट अमर झाली होती. त्या क्षणी त्याला कशाचंच काही वाटलं नाही.

"खा," तो म्हणाला. "खा ना. बघ कसा रंग आहे."

निदियाने चमचा उचलला. ओठांपाशी नेला. बलकाचा एवढासा तुकडा तोंडात घेतला, आणि उबाल्दोने पाहिलं की तो तुकडा गिळायला ती सगळ्या अंगाने झटतेय. मानेच्या शिरा ताठ झाल्या, हात टेबलाच्या कडेला घट्ट झाले, डोळ्यांत पाणी आलं. मग तिने तोंडाला रुमाल लावला आणि तुकडा त्यात गेला.

"निदिया?"

तिने रुमालाची घडी घातली. मग त्या घडीची आणखी घडी घातली.

"रंग छान आहे रे," ती म्हणाली. "अगदी तसाच आहे. पण पहिल्या दिवशीही रंगाचं काही नव्हतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले."

त्याने हातातला चमचा खाली ठेवला.

"भूक लागते मला, उबाल्दो. खूप लागते. खाली जात नाही. आधी कसावा अडकायला लागला, मग भात, आता पाणीसुद्धा कधी कधी. माँतेरिया शहरातल्या डॉक्टरला दाखवलं मी, एकटी जाऊन. तो म्हणाला, आत काहीतरी वाढतंय. काय ते नावही सांगितलं त्याने. मी त्याला म्हटलं, नाव नको सांगूस, नाव घेऊन घरी जायचं म्हणजे कुणाला तरी सांगावं लागतं."

उबाल्दो उठला. कुठे जायला उठला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पाय आपोआप फळ्याच्या दिशेला वळले होते. निदियाने त्याचं मनगट धरलं. तिच्या बोटांत अजून एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "हेच नको होतं मला, म्हणून सांगितलं नाही. तू काहीतरी करायला धावणार. लोक तुझ्यासाठी रडायला आले आणि मी त्यांचं रडणं गुपचूप माझ्यासाठी घेतलं. चोरीच म्हण. पण किती बरं वाटलं, सांगू? कुणी काही करत नव्हतं. नुसते जवळ बसत होते."

तिने त्याला ओढून पुन्हा जागेवर बसवलं. सूप निवत होतं. पलीकडच्या अंगणात उरलेल्या कोंबड्या ओल्या मातीत काहीतरी उकरत होत्या.

"मला भीती वाटते, उबाल्दो," ती म्हणाली. "फार भीती वाटते."